‘मनी’ सात मात्रांचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे गाजलेल्या रॉक गाण्यांची ओळख करून देणारे सदर येत आहे आणि मी ते नेमाने वाचतो. प्रत्येक लेखाशेजारी एक चौकट असते आणि तीत त्या गाण्याचा वेग, पट्टी व ताल असे तीन रकाने भरलेले असतात. मागच्या रविवारी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या ‘मनी’ या गाण्याच्या चौकटीत वेग मिनिटाला १२०, पट्टी बी मायनर आणि ताल चार मात्रांचा असे छापले गेले, शिवाय रॉकचा ताल म्हणजे आपल्या केरव्यासारखा सरळ चारांचा असतो, अशा आशयाचे विधानही लेखात होते. पट्टी बरोबर आहे आणि वेगही जवळपास बरोबर आहे. ताल मात्र चूक आहे, आणि या एका गाण्याच्या बाबतीत ती चूक नजरेआड करण्यासारखी नाही, कारण ज्या गोष्टीमुळे हे गाणे पन्नास वर्षे लोकांच्या लक्षात राहिले तीच नेमकी चौकटीतून गळाली आहे.

मी मिरजेत तबला शिकवतो. रॉक संगीताचा मी जाणकार नाही. हे गाणे माझ्यापर्यंत आले ते एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यामुळे. शनिवारच्या वर्गात त्याने मोबाइल समोर ठेवला आणि ‘सर, याला ठेका कोणता लावायचा?’ असे विचारले. वर्गातल्या इतर मुलांनी सवयीने चारांच्या टाळ्या धरल्या. पहिल्या आवर्तनात कोणाला काही वाटले नाही, दुसऱ्यात दोघे-तिघे थांबले, तिसऱ्यात सगळेच एकमेकांकडे पाहू लागले. एक मुलगा मात्र हट्टाने चारच मोजत राहिला आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर त्याची टाळी पुन्हा गाण्याच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बिनचूक पडली, तेव्हा आपण बरोबर असल्याची त्याची खात्री पटली. सातांची चार आवर्तने आणि चारांची सात आवर्तने अठ्ठावीस मात्रांनी एकत्र येतात, हा आपल्या तबल्यातला नेहमीचा हिशेब आहे. पाय चारांत आपटणाऱ्या श्रोत्याला अधूनमधून सगळे जुळल्यासारखे वाटते ते याचमुळे, आणि चौकट भरणाऱ्याचीही कदाचित अशीच फसगत झाली असावी.

गाण्याची सगळी मदार बास गिटारवर वाजणाऱ्या एका छोट्या धूनेवर आहे. रॉकवाले तिला ‘रिफ’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर तबल्याच्या एकल वादनात सारंगीवर किंवा पेटीवर जो लेहरा धरतात, त्याच्याच जातीची ती वस्तू आहे: तालाचे एक आवर्तन भरून काढणारी, पुन्हा पुन्हा तशीच येणारी आणि वाजवणाऱ्याला समेची जागा दाखवत राहणारी. षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या पांढरी सातवर (सातव्या पांढऱ्या पट्टीवर) धरला तर ही धून अशी लिहिता येते: पहिल्या मात्रेवर मध्य सप्तकातला सा, दुसऱ्या मात्रेत वरचा सा आणि त्याच्या खालचा प, तिसरीवर पुन्हा मूळ सा, चौथीवर मंद्र प, पाचवीवर मंद्र कोमल नी, सहावीवर सा, आणि सातवीवर कोमल ग. सात मात्रांत आठ सूर बसवलेले आहेत. दुसऱ्या मात्रेचे जे दोन तुकडे पडतात ते सारखे नाहीत. पहिला लांब आणि दुसरा आखूड आहे. दादऱ्यासारखा जो एक झोका या धूनेत जाणवतो तो या लांब-आखूडपणातून येतो, आणि तिचे सुटे सुटे सूर सारख्या अंतराने वाजवून पाहिले की गाणे तिथल्या तिथे मरते. मी पेटीवर दोन्ही प्रकार वाजवून पाहिले आहेत.

सात मात्रा म्हटल्यावर माझा हात अर्थातच आधी रूपकाकडे गेला. ‘ती ती ना, धी ना धी ना’ हा ठेका मी त्यावर लावून पाहिला. मात्रा जुळल्या, पण मन जुळले नाही. रूपकाची गंमत अशी की त्याची समच खाली, म्हणजे टाळीशिवायची, असते; पहिल्या मात्रेवर बायाँ (डग्गा) बोलत नाही आणि ताल जणू पाऊल उचलूनच सुरू होतो. इथे उलट परिस्थिती आहे. पहिल्या मात्रेवर बासचा भारदस्त सा पडतो आणि तिथे जमीन पायाखाली लागते. म्हणून मग पखवाजाचा तीव्रा घेतला: ‘धा दीं ता, तिट कत, गदि गन’. मात्रा त्याच, तीन-दोन-दोन हे विभागही तेच, पण सम भरी आणि ‘धा’ची. तो ठेका त्या धूनेखाली असा काही बसला की वर्गातली मुले हसू लागली. अर्थात तीन-दोन-दोन हे विभाग मी माझ्या सवयीने केलेले आहेत. कोणी तीन-चार मोजतो, कोणी चार-तीन, आणि धून या सगळ्यांना पुरून उरते. ती वाजवणाऱ्या लंडनच्या मंडळींनी तीव्रा ऐकला असेल असे मला मुळीच सुचवायचे नाही. जगात काहीही चांगले दिसले की ते आपल्याकडूनच गेले असे म्हणण्याची जी खोड आपल्याला आहे, तिला या पत्रात थारा नको.

आता ज्या चिजेने हे गाणे सुरू होते तिच्याविषयी. एकही वाद्य वाजण्याआधी नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याच्या यंत्राची घंटा, कागद फाटण्याचा आवाज अशा आवाजांची एक माळ ऐकू येते. ती माळ सात आवाजांची आहे, मात्रेला एक आवाज, आणि ती फिरत राहते. म्हणजे गाण्याचा ताल पहिल्या क्षणापासून उघडपणे सांगितलेला आहे. मोजणाऱ्याने फक्त बोटे मोजायची. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या मार्च १९७३ मध्ये आलेल्या अल्बममधले हे गाणे. ध्वनिमुद्रण लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील स्टुडिओत १९७२-७३ मध्ये झाले. संगणकावर आवाज कापून चिकटवण्याचे दिवस तेव्हा यायचे होते. गाण्याचा कर्ता आणि बासवादक रॉजर वॉटर्स याने, पत्नी मातीकामासाठी वापरत असलेल्या भांड्यात नाणी घुमवून त्यांचा आवाज टिपला. ड्रमवादक निक मेसन याने आपल्या आठवणींत पुढचे लिहून ठेवले आहे: जुन्या पेनी नाण्यांना भोके पाडून ती दोऱ्यात ओवली, मायक्रोफोनसमोर कागद फाडला, गल्ल्याचा आवाज स्टुडिओच्या ध्वनिसंग्रहातून घेतला, आणि मग प्रत्येक आवाजाची टेप फूटपट्टीने मोजून, सारख्या लांबीची कापून, एकाला एक जोडली.

फूटपट्टीने ताल मोजणे ही कल्पना तबलजीला चमत्कारिक वाटेल, पण जरा हिशेब करून पाहावा. स्टुडिओतील टेप साधारणपणे सेकंदाला पंधरा इंच या गतीने फिरत असे. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे साडेसात इंच टेपची. सात मात्रांचे आवर्तन साडेबावन्न इंचांचे, म्हणजे चार फुटांहून थोडे अधिक. एवढ्या लांबीचे कडे करून ते यंत्रातून फिरवायचे! एखादा तुकडा पाऊण इंच लांब राहिला तर ती मात्रा एक दशांशाने लांबली. आपल्याकडे ठेका धरताना शिष्याची एवढी चूक झाली असती तर गुरुजींनी डोळे वटारले असते. ही सगळी यंत्रणा भरवशाची होती असेही नाही. अल्बम येण्याच्या वर्षभर आधी हा बँड तीच गाणी सलग कार्यक्रमात सादर करू लागला होता, आणि २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटन येथे ‘मनी’पाशी पोहोचताच तांत्रिक बिघाडामुळे त्यांना तो क्रम अर्धवट सोडावा लागला.

चौकटीतला चारांचा आकडा पूर्णपणे हवेतून आलेला नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. गाण्याच्या मध्यावर डिक पॅरी याचे सॅक्सोफोनवादन येते. ते सातांतच आहे, आणि सातांच्या चाकोरीत त्या माणसाने जी मोकळीक मिळवली आहे ती ऐकण्यासारखी आहे. त्याच्यानंतर डेव्हिड गिलमोर याचे गिटार सुरू होते आणि तिथे ताल खरोखरच बदलतो. सातांचा गुंता सुटतो, सरळ चार सुरू होतात, ड्रमवर मोकळे हात पडू लागतात आणि लयही किंचित चढते. श्रोत्याला नेमके काय झाले ते कळत नाही, पण इतका वेळ अरुंद बोळातून चालत असताना एकदम हमरस्ता लागावा तसे वाटते. गिलमोरने पुढे एका मुलाखतीत हसत हसत सांगितले होते की गिटारसाठी आम्ही चारांची सोय करून घेतली आणि बिचाऱ्या सॅक्सोफोनवाल्याला सातांत वाजवायला लावले. गिटार संपले की बासची धून परत येते आणि गाणे पुन्हा सातांवर येऊन उभे राहते. तेव्हा चार मात्रा गाण्यात आहेत खऱ्या, पण त्या मधल्या एका भागापुरत्या आहेत, आणि त्यांचा सगळा परिणाम आधीच्या व नंतरच्या सातांवर अवलंबून आहे.

वेगाच्या रकान्याचीही हीच अडचण आहे. मिनिटाला १२० हा आकडा साधारण उपयोगाचा आहे, पण तो गाणाऱ्या भागाचा. गिटारच्या वेळी पाय आपटून पाहा, आकडा वर जातो. बँडचे चौघे वादक यंत्राच्या टिकटिकीला बांधलेले नव्हते आणि माणसे एकत्र वाजवू लागली की लय थोडी चढतेच; आपल्या मैफलीत तर द्रुताकडे जाणे हा रिवाजच आहे. संगणकाने लावलेले हल्लीचे ठेके पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत रेसभर हलत नाहीत, त्यांच्या बाबतीत एक आकडा पुरेल. १९७३ च्या ध्वनिमुद्रणाला तो पुरत नाही.

गिटारच्या त्या भागाविषयी आणखी एक गोष्ट चौकटीत मावणार नाही, पण लेखात यायला हवी होती. त्याचे तीन खंड आहेत आणि सुरांइतकेच ते आवाजाच्या खोलीने वेगळे केलेले आहेत. पहिल्या खंडात गिलमोरने तेच वादन दोनदा, जवळजवळ हुबेहूब, वाजवून दोन्ही एकावर एक ठेवले आहेत, त्यामुळे आवाज रुंद लागतो. दुसऱ्या खंडात सगळा घुमारा काढून टाकला आहे, एकच गिटार उरते, बाकीचे सगळे दबकत वाजवतात, आणि आपण एका लहान खोलीत त्या चौघांच्या शेजारी बसलो आहोत असे वाटते. नाट्यगृहातून एकदम ओसरीवर यावे, तसा हा बदल आहे. तिसऱ्या खंडात घुमारा, ड्रम आणि मागची गिटारे सगळी एकदम परततात. तिथले अगदी वरचे सूर त्याच्या नेहमीच्या एकवीस पडद्यांच्या गिटारवर निघण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने चोवीस पडद्यांचे दुसरे वाद्य हाती घेतले. तार पडद्यावर आडवी ओढून सूर चढवण्याची त्याची जी पद्धत आहे, ती आपल्या सतारीच्या मिंडीची चुलत बहीण शोभावी अशी आहे.

आता पट्टीविषयी. बी मायनर हे बरोबरच आहे. आपल्या पेटीवर ती पांढरी सात. बासच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर पांढरी तीन असतो, म्हणजे या पट्टीतला मंद्र मध्यम. त्याच तारेवर दुसऱ्या पडद्यावर पंचम आणि पाचव्यावर कोमल निषाद मिळतो. धूनेतले खालचे सूर असे सहज बोटाखाली येतात. पण ‘मायनर’ एवढ्या शब्दाने वाचकाला जे कळेल त्यापेक्षा इथली परिस्थिती जास्त चविष्ट आहे. बासची धून सा, कोमल ग, प आणि कोमल नी एवढ्याच स्वरांत फिरते. गायनाची व वादनाची चालही बहुतेक मध्यमासह याच पाच स्वरांच्या आधाराने जाते. हे स्वर आपल्या धानी रागाचे आहेत. मला घाईने सांगायला हवे की म्हणून हे गाणे ‘धानीतले’ ठरत नाही. धानीचे चलन, त्याचे न्यास, त्याचा लडिवाळपणा यातले इथे काहीही नाही. इथला स्वभाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा आहे, आणि त्या रीतीनुसार मध्येच तीव्र मध्यमाचा ओरखडाही निघतो.

गंमत पुढे आहे. ब्लूजची बारा मापांची (माप म्हणजे आपले आवर्तन) जी ठरलेली चौकट असते तीच या गाण्याच्या कडव्यांना आहे; गिटारच्या भागात ती दुप्पट, चोवीस मापांची झाली आहे. या चौकटीत आधारस्वर एकाच जागी राहत नाही. तो सा वरून प वर जातो, तिथून म वर उतरतो आणि सा वर परततो. पेटीवर सांगायचे तर पांढरी सात, काळी तीन, पांढरी तीन, पुन्हा पांढरी सात. प्रत्येक मुक्कामी त्या जागेचा स्वरसंघात, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, वाजतो. पंचमावरच्या संघातात शुद्ध रिषभ डोकावतो, मध्यमावरच्या संघातात कोमल धैवत येतो, आणि असे दोन पाहुणे धरून सगळे स्वर एकत्र मांडले की आसावरी थाट, म्हणजे त्या नावाचा सात स्वरांचा संच, पुरा होतो. वरची चाल पाच स्वरांची आणि खालचा आधार सात स्वरांचा, अशी ही दोन मजली रचना आहे. एका तंबोऱ्याच्या अचल षड्जावर वाढलेल्या कानाला हे आधाराचे सरकणे सुरुवातीला अस्वस्थ करते. मला तरी केले. चार-पाच वेळा ऐकल्यावर मात्र वरची चाल तीच असताना खालची जमीन बदलल्याने तिचा रंग कसा पालटतो, ते ध्यानात आले.

अल्बममध्ये हे गाणे संपताना तुटत नाही. ते मंदावत जाते, काही माणसांच्या बोलण्याचे तुकडे ऐकू येतात आणि त्यातूनच पुढचे संथ गाणे सुरू होते. ते डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये आहे. पांढरी दोन हा ‘मनी’चा कोमल गंधार. आसावरी थाटाच्या कोमल गंधाराला षड्ज मानून तेच स्वर ओळीने घेतले तर सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल थाट मिळतो, हे मूर्च्छनेचे गणित आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. इथे दोन गाण्यांच्या सांध्यावर तेच गणित कानाला ऐकू येते: लोभाच्या खडबडीत गाण्यातून स्वर न बदलता निवांत, उजळ जागी पाऊल पडते. फक्त एका गाण्याची पट्टी छापून हे कळण्याचा मार्ग नाही. शेजारच्या गाण्याची पट्टीही सांगावी लागते.

रॉकमध्ये सातांचा हा एकमेव दाखला असता तरी मी हे पत्र लिहिले असते, पण तसे नाही. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’ या गाण्याच्या कडव्यांत सातांची आवर्तने आहेत. पीटर गेब्रियल याचे १९७७ सालचे ‘सॉल्सबरी हिल’ जवळजवळ सगळे सातांत आहे आणि ते इतके अलगद चालते की मोजल्याशिवाय पत्ता लागत नाही. बहुतेक रॉक गाणी चारांची असतात, हे खरेच. त्यावरून नियम काढला की मग अपवादाच्या चौकटीतही हात आपोआप चारच लिहून जातो. खुद्द ‘मनी’ला अमेरिकेत १९७३ साली बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत मजल मारता आली. याच बँडने १९८१ मध्ये आपल्या निवडक गाण्यांचा जो संग्रह काढला त्याला ‘नाचायच्या उत्तम गाण्यांचा संग्रह’ अशा अर्थाचे खोडसाळ नाव दिले आणि त्यात ‘मनी’ नव्याने ध्वनिमुद्रित करून घातले. सातांवर नाचून दाखवा, असेच जणू त्यांना म्हणायचे असावे.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि तीत असे म्हणावे: ‘ताल बहुतांश सात मात्रांचा, गिटारवादनाच्या भागात चार मात्रांचा, वेग मिनिटाला सुमारे १२०, गिटारच्या वेळी किंचित चढता, पट्टी बी मायनर, म्हणजे पांढरी सात.’ मागच्या चौकटींतली गाणीही कोणीतरी टाळी देऊन एकदा तपासावीत. त्यासाठी तबलजीच हवा असे नाही; सलग दहा आवर्तने न चुकता मोजू शकेल असा कोणीही चालेल. माझ्या वर्गातला तो हट्टी मुलगा आता सात मोजतो आणि शनिवारी दुपारी मोकळा असतो.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक, मिरज